घरचं गेम कॅबिनेट : बटण एक, कामं तीन

(मोताळा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

नव्वदच्या दशकात शाळा बुडवून व्हिडिओ गेम पार्लरला कोण कोण गेलंय? हात वर करा. (हशा) बरेच निघाले! ‘मुस्तफा’ आठवतो ना? त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. आपण तो त्यातल्या एका पात्राच्या नावानंच ओळखला.

पार्लरवाला रात्री सरळ मेन स्विच पाडायचा. मशीनला काही होत नसे, कारण खेळ रॉम चिपमध्ये कायमचा भरलेला असायचा. आज आपण सुताराकडून तसंच खोकं करून घेतो, पण आत जुना कॉम्प्युटर बसवतो. कॉम्प्युटर अधूनमधून डिस्कवर लिहीत असतो. त्याच वेळी वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते, आणि एखाद्या दिवशी मशीन सुरूच होत नाही.

म्हणून एवढं पक्कं लक्षात ठेवा : भिंतीवरचा स्विच वीज तोडतो, कॉम्प्युटरचं बटण फक्त निरोप देतं. पोरांच्या हाती निरोपाचं बटण द्यायचं.

पहिलं काम, हे बटण. मदरबोर्डवर ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिना असतात. त्या क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. तिथे दाबून सोडायचं बटण हवं, दिव्याचा स्विच चालणार नाही. आर्केड बटणाच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात : कॉमन, एनओ आणि एनसी. कॉमन आणि एनओ वापरा. एनसी जोडलं तर बटण कायम दाबून धरल्यासारखं होतं. मग मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतं आणि आपण उगाच सप्लायला दोष देतो! विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘बटण दाबल्यावर शट डाउन’ हे निवडा. आणि बटण खेळाच्या पाट्यावर नको, खोक्याच्या मागे किंवा वर लावा. भांडणात हात कुठे पडेल सांगता येत नाही.

दुसरं काम, मॉनिटर, स्पीकर आणि वरची दिव्याची पाटी. यांना कॉम्प्युटरच्या मागोमाग चालवायचं. सप्लायच्या पिवळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट असतात, पण मशीन चालू असतानाच. त्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर १२ व्होल्टचा रिले लावा. रिलेच्या संपर्कातून बाकीच्या वस्तूंच्या बोर्डाची फेज न्या. कॉम्प्युटर बंद झाला की सगळं आपोआप बंद.

आता जरा थांबा, कारण इथे जिवाशी खेळ आहे. घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी म्हणजे सप्लाय चालू करण्याच्या इशाऱ्याची वायर! रंग तेच, अर्थ वेगळे. म्हणून रंगावर विसंबू नका, टेस्टर आणि मीटर लावून बघा. रिले १० अँपिअरचा घ्या, बंद डबीत बसवा, फ्यूज टाका. खोक्यात लोखंडी पत्रा असेल तर त्याला अर्थिंग द्या. २३० व्होल्टचं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

तिसरं काम, लाइन गेली आणि परत आली तर काय? बायॉसमध्ये तशी सेटिंग असते : ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘आधी होतं तसं’. अनेक जण ‘चालू’ सांगतात, म्हणजे भिंतीवरच्या स्विचनंच मशीन सुरू होतं. पण आपल्याकडे रात्री तीनला लाइन आली तर? घरभर गेमचा आवाज! (हशा) शिवाय लाइन येते-जाते करत असेल, तर सुरू होता होताच मशीनला पुन्हा झटका बसतो. म्हणून ‘बंद’ ठेवा. लाइन स्थिर होऊ द्या, मग बटण दाबा.

एका काकांनी विचारलं, “मग यूपीएस कशाला?” काका, यूपीएस खेळण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी घ्यायचा. त्याची बीप वाजली की बटण एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही. चार सेकंद धरलं तर तोही तडकाफडकी तोडच. पोरांना खेळ शिकवाल, त्याआधी हे शिकवा.