गोरेपणाचे क्रीम आणि गळकी गाळणी

सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, लघवीला साबणासारखा फेस आला, तर चेहऱ्यावरच्या क्रीमचा संशय कोण घेईल? तरीही २०२४ साली नवी मुंबईत मूत्रपिंडविकाराचे असे दोन रुग्ण आढळले, ज्यांच्या आजाराचा धागा गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचला. त्याआधी अकोल्यात एकाच घरातील तिघींवर हाच प्रसंग ओढवला होता. केरळातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’चे २२ रुग्ण अभ्यासले, १५ जणांत ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित प्रकार निघाला आणि त्यांपैकी १३ जण अशी क्रीम वापरत होते.

यातला संशयित म्हणजे पारा. तो त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. पण त्वचेतून तो रक्तातही उतरतो. मग शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच प्रथिनावर उलटते. तिने घडवलेली प्रतिपिंडे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीच्या पडद्यावर साचतात. पडदा जाड होतो आणि, विचित्र वाटेल, पण जाड झालेली ही गाळणीच अधिक गळू लागते. रक्तातील अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जाते. फेस त्याचाच, सूजही त्यामुळेच.

आपल्याकडे डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक पारा चालत नाही. बिनलेबलाच्या डबीला मात्र नियम कोण शिकवणार!

दिलासा एवढाच की, क्रीम थांबवल्यावर अनेक रुग्णांत प्रथिनांची गळती ओसरते. म्हणून सूज किंवा फेस दिसल्यास लघवीची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती डबी सोबत न्या.