जाड भिंतीची शेगडी: कोळसा किती वाचतो?

अमेरिकेत उन्हाळा आला की घरामागच्या अंगणात कोळशावर मांस, मासे, कणसं भाजण्याचे बेत सुरू होतात. त्यासाठी झाकणाची शेगडी लागते. तिला तिथे ग्रिल म्हणतात. सर्वात ओळखीचा प्रकार म्हणजे पातळ पोलादी पत्र्याचे दोन अर्धगोल, खालच्यात कोळसा आणि वरचं झाकण. १९५२ साली शिकागोजवळच्या एका धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी ती बनवली. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत. त्याच गोलाचे दोन भाग करून त्यांनी शेगडी केली. दुसरा प्रकार जाड सिरॅमिकचा, अंड्याच्या आकाराचा. त्याला ‘कमाडो’ म्हणतात. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिथल्या भात शिजवायच्या मातीच्या चुली घरी नेल्या आणि १९७४ साली अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी त्यांच्या विक्रीतूनच उभी राहिली. अलीकडे दुहेरी पत्र्याच्या, मध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या शेगड्याही मिळतात.

साधी शेगडी दीडशे-दोनशे डॉलरला येते. चांगल्या कमाडोला हजार-बाराशे किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला दुकानदाराने सांगितलं, “कोळसा इतका वाचतो की पैसे वसूल होतात.” तिने मला विचारलं, खरं का? हा प्रश्न उष्णतेच्या धड्यातलाच आहे, आणि वर्गात सोडवायला पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा बरा आहे.

आधी एक घोळ दूर करू. जाड भिंत दोन वेगळी कामं करते आणि जाहिरातीत ती एकत्र मिसळलेली असतात. एक, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दोन, ती स्वतः उष्णता पिऊन साठवते. थर्मासमध्ये पहिलं काम उत्तम होतं, दुसरं जवळजवळ नाही. तापलेल्या विटेत दुसरंच जास्त. कमाडोत दोन्ही आहेत, आणि दुसऱ्या कामाची किंमत आपण कोळशात मोजतो.

किती मोजतो ते पाहू. चांगल्या लाकडी कोळशाच्या एका किलोतून सुमारे ३०,००० किलोज्यूल उष्णता मिळते. मोठ्या कमाडोतलं सिरॅमिक ६० किलो धरू, विशिष्ट उष्मा ०.९ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश सेल्सिअस. कडक आचेवर भिंतीची आतली बाजू २५० अंशांवर आणि बाहेरची ५० वर गेली, तर सरासरी १५० अंश. हवा २५ अंशांची, म्हणजे वाढ १२५ अंशांची. गुणाकार केला की ६,७५० किलोज्यूल येतात. म्हणजे भिंत पुरती तापेपर्यंत सव्वादोनशे ग्रॅम कोळसा तिच्याच पोटात गेला! पत्र्याची शेगडी १० किलोची, पोलादाचा विशिष्ट उष्मा ०.५, वाढ २०० अंश. हिशेब १,००० किलोज्यूलचा, म्हणजे जेमतेम ३३ ग्रॅम कोळशाचा.

आता बहीण शनिवारी संध्याकाळी काय करते? कणसं भाजते, भरताचं वांगं भाजते, पनीर आणि कोंबडीचे तुकडे सळईवर लावते. सगळं अर्ध्यापाऊण तासात आटोपतं. असं भाजणं मुख्यतः निखाऱ्यांच्या प्रारणाने होतं. निखारा लाल आणि पदार्थ जवळ, एवढं झालं की भिंत जाड आहे की पातळ, याने वांग्याला काही फरक पडत नाही. भिंत तापेपर्यंत जेवणं उरकलेली असतात आणि तिच्यातली उष्णता मग रात्रभर अंगणात जाते. तंदुराची जाड भिंतही अशीच कोळसा पिते, पण ढाब्यावर ती एकदा तापली की दिवसभर शेकडो रोट्या तिच्या अंगावर भाजून निघतात. घरी चार माणसांच्या आठ रोट्यांसाठी तंदूर पेटवणं का परवडत नाही, ते यावरून कळेल.

जाड भिंतीचं खरं काम वेगळ्या स्वयंपाकात दिसतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे बैलाच्या छातीचं किंवा डुकराच्या खांद्याचं मांस ११० अंशांच्या आसपास दहा-बारा तास ठेवतात. अशा मांसात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. ते सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन झालं की मांस मऊ पडतं, आणि त्याला घाई चालत नाही. यात एक गंमत होते. मांसाचं तापमान चढत चढत ६५-७० अंशांवर येतं आणि तिथे काही तास अडून बसतं. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. कारण आपल्या माठाचंच आहे: पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि आलेली उष्णता त्यातच खर्ची पडते. कमाडोतून हवा कमी वाहते, आतली हवा दमट राहते, म्हणून मांस कमी सुकतं.

या दहा तासांचा हिशेब करू. दोन्ही शेगड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर आहे. पत्र्याची बाहेरची बाजू ८५ अंशांवर धरली, तर हवेपेक्षा ६० अंश जास्त. अभिसरण आणि प्रारण मिळून दर अंशामागे चौरस मीटरला साधारण ११ वॅट जातात, म्हणजे ६६० वॅट. कमाडोची बाहेरची बाजू ४२ अंशांवर धरली, तर १९० वॅटच्या आसपास. फरक ४७० वॅटचा. दहा तासांत तो १७,००० किलोज्यूल होतो, सुमारे ५६० ग्रॅम कोळसा. झडपेतून जाणाऱ्या गरम हवेतली बचत धरून आपण उदारपणे एक किलो म्हणू. कोळसा किलोला दोन डॉलर धरला, तर एका लांबलचक बेतात दोन डॉलर वाचले. किमतीतला फरक हजार डॉलरचा, म्हणजे पाचशे बेत हवेत. महिन्याला एक केला, तर चाळीस वर्षांहून अधिक लागतील. माझे आकडे दीडपट-दुपटीने चुकले, तरी दुकानदाराचं गणित जमत नाही.

मग लोक कमाडो का घेतात? तो स्थिर असतो म्हणून. झडप बोटभर उघडी ठेवली की छोटासा विस्तव रात्रभर तेच तापमान धरतो, आणि माणूस झोपू शकतो. थंडीत, वाऱ्यात पत्र्याच्या शेगडीतून उष्णता कितीतरी वेगाने जाते, तिथे हा फरक फार जाणवतो. मात्र तापमान चुकून चढलं तर तीच भिंत ते लवकर उतरू देत नाही. दुहेरी पत्र्याच्या शेगडीत वस्तुमान कमी असल्याने ही अडचण कमी होते. मी बहिणीला कळवलं: तुझ्या शनिवारच्या बेतांसाठी घेऊ नकोस. हिवाळ्यातही महिन्यातून दोनतीनदा रात्रभराचा बेत करणार असशील, तर झोपेसाठी घे. बचतीच्या आशेने घेऊ नकोस. कधीतरीच करायचं असेल, तर साध्या शेगडीतही कडेने कोळशाची अर्धवर्तुळाकार रांग लावून एक टोक पेटवता येतं. ती रांग उदबत्तीसारखी हळूहळू जळत जाते.

उष्णतारोधनाने कोळसा खरोखर वाचवायचा असेल, तर ते भांड्याभोवती हवं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने तयार केलेल्या सराई कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कांडी कोळशावर चारपाच माणसांचा भात, वरण, भाजी शिजते. तिथे तापवायला ६० किलोची भिंत नाही.

एक इशारा महत्त्वाचा. हवा कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. शेगडी कितीही महाग असली, तरी ती घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद पडवीत पेटवू नये; आपल्याकडे थंडीत दार लावून शेगडी जवळ घेणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. शिवाय कोंडलेल्या विस्तवाचं झाकण एकदम उघडलं तर ताजी हवा मिळून ज्वाळा तोंडावर येते. झाकण आधी दोन बोटं उचलावं, थांबावं, मग पूर्ण उघडावं.

रोधन आणि साठवण यांतला फरक वर्गात दाखवणं सोपं आहे. सारखे दोन पत्र्याचे डबे घ्या, त्यातला एक मोठ्या डब्यात ठेवून मधल्या जागेत भाताचं तूस दाबून भरा. तिसरी घ्या एक जाड चिनी मातीची बरणी. तिन्हींत ६० अंशांचं अर्धा अर्धा लिटर पाणी ओता, झाकणं लावा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढा. बरणीची रेषा सुरुवातीलाच झपकन खाली येईल आणि मग सावकाश उतरेल. ती पहिली घसरण म्हणजे बरणीने प्यायलेली उष्णता. बरणीचं वजन आधी करून ठेवलंत, तर तिचा विशिष्ट उष्माही मुलांकडून काढून घेता येईल.