आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत गोठ्याच्या पत्र्याखाली आजोबांची फियाट पद्मिनी वर्षानुवर्षं उभी असेल, तर पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून चावी फिरवण्याचा. आपण तो आवरावा. जपून ठेवलेल्या गाडीचं मोठं नुकसान बहुधा त्याच दिवशी होतं.

पहिलं काम कागदांचं. मालकाच्या निधनानंतर वारसानं तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करायची असते. मुदत उलटली असेल, तर वारसांची कागदपत्रं घेऊन नांदेडच्या आरटीओत आधी विचारावं. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. पण मग ती रोज चालवता येत नाही. लोक इथेच फसतात.

दुसरं, काही खोलण्याआधी फोटो काढावेत. वायर कुठून कुठे जाते, हे महिन्यानं आठवत नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर दिसल्यास बॅटरी जोडूच नये.

तिसरी टाकी. जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकटा होतो. तो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, जाऊन बसतो. दोन्ही साफ करावेत. रबरी नळ्याही बदलाव्यात. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. नळी गळली की आगीचा धोका.

चौथं इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडावं, दोन दिवस मुरू द्यावं. मग गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवावं. अडलं तर जोर करू नये. पुन्हा तेल, पुन्हा वाट.

पाचवे ब्रेक, आणि तेही इंजिन सुरू करण्याआधी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून चाकांमधले छोटे सिलिंडर आतून गंजतात. त्यांची रबरं बदलावीत, नळ्यांतली हवा काढावी. पेडल स्पंजासारखं दबलं, तर हवा उरली आहे.

सहावा रेडिएटर. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत साचतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिन तापतं. साफ करून कूलंटच भरावं.

रंग सगळ्यात शेवटी. आधी पायाखालची मॅट उचलून तळाचा पत्रा तपासावा. गंजावर मारलेला रंग टिकत नाही. राहिले सुटे भाग. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यातच तयार व्हायची आणि तिचे जुने सुटे भाग आजही तिथल्या बाजारात शोधता येतात.

पहिली फेरी उमरी स्टेशनपर्यंतच मारावी. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरावीत. सकाळी डाग कुठे पडला, त्यावरून पुढचं काम कळतं. आजोबांची गाडी अशी एकेका डागानं बरी होत जाते.