भुलेच्या इंजेक्शनने हात का जळतो, आणि ते कसे टाळता येते

वैनगंगेच्या एका काठावर कारधा, दुसऱ्या काठावर भंडारा. पूल ओलांडला की जिल्हा सामान्य रुग्णालय. तिथे भागले नाही तर नागपूरचे मेडिकल किंवा मेयो. या वाटेने रुग्णांसोबत जाणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. शुद्धीवर आलेला माणूस टाक्यांबद्दल बोलायच्या आधी हाताबद्दल बोलतो. सलाईनच्या सुईतून पांढरे औषध गेले, हाताला आग लागल्यावानी झाले आणि पुढचे काही आठवत नाही.

डॉक्टरच्या दृष्टीने ही दहा-वीस सेकंदांची गोष्ट. वस्तीत मात्र ती महिनोन्‌महिने राहते. 'चुकीचं इंजेक्शन दिलं होतं' असे कोणीतरी म्हणते, आणि ज्या बाईला गर्भाशयाचे ऑपरेशन सांगितलेले असते ती आणखी एक हंगाम पुढे ढकलते. रोवणी झाल्यावर पाहू, मग धान कापल्यावर पाहू. म्हणून हा विषय आम्हाला लहान वाटत नाही.

आधी हे औषध कोणते ते पाहू. पूर्ण भूल देताना आज सर्वाधिक वापरले जाणारे शिरेतील औषध म्हणजे प्रोपोफॉल. दिसायला दुधासारखे, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन यांच्या मिश्रणात ते मिसळलेले असते. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन यांनी ते विकसित केले. ग्लेन हे मुळात जनावरांचे डॉक्टर! पहिल्या मिश्रणाने काही रुग्णांना गंभीर ॲलर्जी झाल्याने ते सोडावे लागले, आणि तेलातले हे रूप १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले. झोप लवकर लागते, जागही लवकर येते, उलट्या कमी होतात. औषध चांगलेच आहे. फक्त ते शिरेत जाताना जळते. (सिझेरियनला बहुधा कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करतात, ती भूल वेगळी, तिच्याबद्दल हा लेख नाही.)

जळते का? तेलाच्या थेंबांत न राहता पाण्याच्या भागात मोकळे राहिलेले थोडे प्रोपोफॉल शिरेच्या आतल्या अस्तराला लागते आणि तिथल्या वेदनेच्या मज्जातंतूंना चेतवते. काही सेकंदांनी ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन तयार होऊन आग आणखी वाढते, असेही मानले जाते. हाताच्या मागच्या बाजूची शीर बारीक असते, तिच्यात रक्त कमी वाहते, त्यामुळे औषध अस्तराला जास्त वेळ चिकटून राहते. कोपराच्या खोबणीतली शीर मोठी. तिथे ते रक्तात लगेच पातळ होते. अर्धे उत्तर इथेच मिळते.

२०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १७७ चाचण्या आणि २५ हजारांहून अधिक प्रौढ रुग्ण त्यात होते. काहीच काळजी घेतली नाही तर दहापैकी सुमारे सहा जणांना वेदना होते, असे त्यात दिसले. म्हणजे आपल्या माणसांची तक्रार नाटक नाही, नशीबही नाही. सर्वांत उपयोगी ठरलेले उपाय दोन. एक, कोपराजवळची शीर वापरणे. दुसरा, हाताचीच शीर घ्यायची असेल तर दंडाला किंवा हाताला पट्टा आवळून आधी लिग्नोकेन द्यायचे, ते शिरेत थोडा वेळ मुरू द्यायचे, पट्टा सोडायचा आणि मग प्रोपोफॉल द्यायचे. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत देतात तेच बधिर करणारे औषध. शिरेतून द्यायची बाटली मात्र वेगळी असते. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महागडे मुळीच नाही.

सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची रांग लांब आणि भूलतज्ज्ञ मोजके, हे आम्ही रोज पाहतो. पट्टा बांधून थांबायला वेळ नाही असे कोणी म्हटले तर ते समजू शकते. पण वेळ न घेणारे मार्गही आहेत: लिग्नोकेन ऐनवेळी प्रोपोफॉलमध्येच मिसळणे, आधी फेंटानिलसारखे वेदनाशामक थोडे देणे, किंवा मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल मिसळलेले कमी जळणारे प्रोपोफॉल वापरणे. यांतले काय वापरायचे ते डॉक्टरच ठरवणार. विचारण्याचा हक्क मात्र रुग्णाचा.

आणि विचारायचे कधी? ऑपरेशन टेबलवर नाही. 'फिटनेस' म्हणून जी तपासणी होते, ती भूलतज्ज्ञाशी बोलायची जागा. तिथे आपली माणसे बहुतेक गप्प असतात. समाजशास्त्र शिकताना आम्ही हे पुस्तकात वाचले होते, वॉर्डात रोज दिसते: जो जितका खालच्या पायरीवरचा, त्याच्याकडून तितकी सहनशीलता अपेक्षित, त्यातही बाई असेल तर न ओरडणारी ती 'चांगली पेशंट'. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने ही कोंडी फोडायला हवी. वाक्य साधे आहे: 'डॉक्टर, मागच्या वेळी भुलेचं इंजेक्शन देताना हात फार जळला होता, यावेळी त्यासाठी काही देता येईल का?' त्याच वेळी दात काढताना दिलेल्या बधिरतेने कधी त्रास झाला होता का, हृदयाच्या ठोक्यांचा आजार किंवा फिट येतात का, अंड्याची ॲलर्जी आहे का, हेही सांगावे. कारण लिग्नोकेन सगळ्यांना चालतेच असे नाही. खाजगी रुग्णालयांपुरते बोलायचे तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती उभे राहून वाचा, रुग्णालाही वाचून दाखवा.

सिकलसेलबद्दल वेगळे लिहायलाच हवे. विदर्भातील आपल्या समाजात हा आजार किती आहे हे कोणाला सांगायला नको. नागपूरच्या डॉक्टरांनी तत्कालीन महार समाजातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात केली होती. या मुलांच्या हातांत वर्षानुवर्षे सलाईन लागून शिरा खराब झालेल्या असतात. मोठेपणी खुब्याचे किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन करायची वेळ येते तेव्हा उरलेली एखादी बारीक शीर मिळते, आणि जळते ती हीच. त्यातून 'यांना तर दुखण्याची सवयच आहे' हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. सवय नसते, दुखणे तेवढेच असते. सिकलसेलमध्ये हात आवळून रक्त अडवण्याबाबत डॉक्टर सावध असतात, त्यामुळे पट्ट्याची पद्धत वापरायची की नाही हा निर्णय भूलतज्ज्ञाला विचारपूर्वक घ्यावा लागतो. म्हणून सिकलसेलचे कार्ड फाइलच्या तळाशी नको, सगळ्यात वर ठेवा, आणि रुग्णाला ऑपरेशनपूर्वी पाणी किती वेळ बंद ठेवायचे हेही विचारून घ्या, कारण शरीर कोरडे पडणे आणि थंडी वाजणे या दोन्हींनी त्यांचा त्रास उसळू शकतो.

प्रत्येक जळणे एकसारखे नसते, हेही रुग्णाला समजावून सांगा. भुलेचे औषध देण्याआधी नुसते सलाईन सुरू असतानाच हात दुखला, फुगला किंवा सुईभोवती गार लागले, तर सुई शिरेबाहेर गेलेली असू शकते. तेव्हा गप्प राहू नये, सिस्टरला लगेच सांगावे. काही ठिकाणी अजून वापरले जाणारे थायोपेंटोन शिरेबाहेर गेले तर कातडीला इजा करू शकते. प्रोपोफॉलची आग मात्र झोप लागताच संपते. तीही थोडी होऊ शकते, लिग्नोकेन दिले तरी प्रत्येकाची पूर्ण थांबतेच असे नाही, पण 'आता हात थोडा जळेल, मग झोप येईल' एवढे कोणी आधी सांगितलेले असले की माणूस हात झटकत नाही. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी शीर लाल, कडक, गरम लागली तर ड्रेसिंगला जाल तेव्हा तो हातही डॉक्टरांना दाखवा.