नाव कुठल्या यादीत?

पुण्या-मुंबईच्या माणसाला प्रायव्हसी म्हटलं की कर्ज हवं का विचारणारे फोन आठवतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या एटापल्ली तालुक्यात 'याने त्यांना माहिती दिली' एवढ्या संशयावर माणसं मारली गेली आहेत. प्रेताशेजारी माओवाद्यांचं पत्रक सापडायचं, त्यावर 'पोलिसांचा खबऱ्या' असं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूचं भयही कमी नव्हतं. रात्री बंदूकवाले आले, भात मागितला, तुम्ही दिला, की सकाळी पोलिसांच्या वहीत तुमचं नाव. त्या काळात पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यात भांडी-साड्या वाटताना कुणी कॅमेरा काढला की बाया तोंडावर पदर ओढायच्या. लाजून नव्हे. हा फोटो कुठे छापून येईल आणि कोणाच्या नजरेला पडेल, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. त्यामुळे 'जंगलातल्या लोकांना डेटाबिटाचं काय कळतं' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. त्यांना जेवढं कळतं तेवढं फार थोड्यांना कळत असेल.

एटापल्लीत माझं ऑनलाइनचं दुकान आहे. संगणक, प्रिंटर, झेरॉक्स, अंगठ्याचं मशीन, वीज गेल्यावरचा इन्व्हर्टर, आणि बाहेर एक बाकडं. सरकार आणि माणूस यांच्यामधल्या फळीवर मी बसतो म्हणा ना. कोणाकडून काय मागितलं जातं आणि कोण काय देऊन जातं, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर चालतं.

सूरजागडचा डोंगर इथून लांब नाही. तो ठाकूरदेवाचा. जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि सत्तर गावांच्या पारंपरिक इलाख्यातले माडिया-गोंड लोक जमतात. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला तिथे सुमारे ३४८ हेक्टरवर लोहखनिजाचा खाणपट्टा मिळाला. २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघांना मारलं. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहणारी पाऊणशेहून जास्त वाहनं जाळली. २०२१ मध्ये खाण पुन्हा जोरात सुरू झाली, आणि २०२३ मध्ये मंजूर उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेलं. त्या वाढीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीत, खाणीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ज्यांचा डोंगर त्यांनी एवढं लांब जाऊन बोलायचं होतं.

खाणीपाठोपाठ रस्ते आले, पोलीस मदत केंद्रं आली, टॉवर आले. वांगेतुरीचं केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात उभं राहिलं, जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाड्याचं. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या बाजूच्या गावांना अहेरीशी जोडणारी एसटी सुरू केली. गावातली पोरं डंपरवर, मशीनवर, सिक्युरिटीत लागली. मी याला नावं ठेवणार नाही; यातल्या कितीतरी पोरांचे बायोडाटा मीच टाइप केलेत.

त्या बायोडाटासोबत काय काय लागतं? आधार, पॅन, पासबुक, टीसी, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, आणि बऱ्याच ठिकाणी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदापाशी पोरं अडखळतात. एक जण बराच वेळ बाकड्यावर नुसता बसून राहिला. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, काकाचं नाव लिहा लागते का?" काकाचं नाव म्हणे फार वर्षांपूर्वी कुठल्या तरी केसमध्ये आलं होतं. अर्जात काकासाठी रकाना नाही, हे मी त्याला पडद्यावर दाखवलं. त्याने मान डोलावली, पण त्याला पटलं नव्हतं. रकाना नसला म्हणून माहिती नसते असं थोडंच आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ओटीपीचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. मुदत आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. गट्ट्याकडची एक बाई सकाळच्या गाडीने आली. नवरा तेलंगणात कामाला गेलेला. नवऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा नाहीच. आधार काढलं तेव्हा गावात फोन एकाच पोराकडे होता, म्हणून निम्म्या गावाच्या आधारला त्याचाच नंबर. तो पोरगा आता खाणीवर शिफ्टमध्ये. चार वेळा लावल्यावर फोन उचलला. दुकानात कलकलाट, म्हणून मी स्पीकर लावला.

"ओटीपी आला का?"

"तीन आले. कोणता सांगू?"

आणि मी थांब म्हणायच्या आत त्याने तिन्ही वाचून दाखवले. त्यातला एक बँकेचा होता, गावातल्या दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा. दुकानातल्या दहा-बारा माणसांनी तो ऐकला. बँका रेडिओवर घसा कोरडा करून सांगतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. आमच्या तालुक्यात मात्र तो चार जणांना सांगितल्याशिवाय एकही योजना पदरात पडत नाही. त्या पोराच्या सिमवर अर्ध्या गावाचे पैसे, रेशन, अनुदान यांचे मेसेज येऊन पडतात. कुणाचे पैसे कधी आले हे सावकाराच्या आधी त्याला कळतं. तो भला आहे म्हणून गाव निर्धास्त आहे, एवढंच.

अंगणवाडीतही हेच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार द्यायचा तर सेविकेने आधी पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर आईचा चेहरा जुळवायचा. नेटवर्क नसेल तर बाळ कडेवर घेऊन सगळ्यांनी टेकाडावर जायचं. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. त्याने हजेरीतली चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितलं की या अ‍ॅपवर भलतेच फोटो, फोटोंचे फोटो चढवले जातायत. चोर होता तसाच राहिला, आणि दोनदा फोटोला उभी राहिली ती खड्डा खणणारी बाई. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने, वि. स. पागे यांनी दिली. तिचा केंद्रीय कायदा डिसेंबर २०२५ मध्ये बदलला आणि नव्या कायद्यातही बायोमेट्रिक आहेच.

मग पोलीस दादालोरा खिडकी. गडचिरोली पोलिसांनी ठाण्या-ठाण्यांत ही सोय केली: दाखले, आधार, पॅन, आयुष्मान कार्ड, योजनांचे अर्ज. माझ्या धंद्याला तिने कात्री लावली, तरी सांगतो, काम चांगलं आहे. ज्या माणसाला तलाठ्यासाठी चाळीस किलोमीटर चालावं लागायचं त्याला दाखला गावाजवळ मिळाला. पण माझ्या दुकानात दिलेली माहिती अर्जात जाते. ठाण्यात दिलेली अर्जात तर जातेच, ठाण्यालाही कळते. घरात कोण, किती पोरं, कोण बाहेरगावी, नंबर कोणता. तिचा गैरवापर झाला असं मी म्हणत नाही. दाखल्यासाठी घेतलेली माहिती तपासाच्या कामाला वापरायची नाही, असा नियम कुठे लिहिलेला असेल तर तो खिडकीवर चिकटवा, एवढंच माझं मागणं.

कारण साठलेली माहिती काय करू शकते, त्याचा एक धागा सूरजागडपासूनच निघतो. २०१६ च्या जाळपोळीच्या खटल्यात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आरोपी आहेत. जून २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली, पुढे सूरजागड प्रकरणातही. त्यांच्यावरच्या आरोपांत संगणकात सापडलेल्या मजकुराला मोठं स्थान आहे. जुलै २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक कंपनीचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तिने गडलिंग यांच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली होती. तिचं म्हणणं: फेब्रुवारी २०१६ पासून सुमारे २० महिने तो संगणक दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात होता, आणि आक्षेपार्ह फाइली बाहेरून आणून आत ठेवल्या गेल्या. आधी फेब्रुवारीत त्याच प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाबद्दलही तिने तसंच म्हटलं होतं. भीमा-कोरेगावचा तपास करणाऱ्या एनआयएला हे मान्य नाही. सरकारी प्रयोगशाळेला असं काही आढळलं नाही, हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, ही तिची बाजू. निवाडा कोर्टाने करायचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गडलिंग यांना सूरजागड खटल्यात जामीन नाकारला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की खटल्याला एवढा उशीर का.

मला, दिवसभर लोकांच्या फाइली उघडणाऱ्या माणसाला, त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. त्या अहवालाप्रमाणे 'नेटवायर' नावाचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. ते बाजारात विकत मिळायचं. मार्च २०२३ मध्ये एफबीआयने त्याची वेबसाइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. ओळखीच्या माणसाच्या नावाने मेल येतो, सोबत एक फाइल. तुम्ही उघडता, पडद्यावर साधं पत्रक दिसतं आणि मागच्या मागे दार उघडतं. पुढे बाहेरचा माणूस तुमचं टाइपिंग वाचतो, पासवर्ड घेतो, नवीन फोल्डर करून त्यात हवं ते ठेवतो. ते फोल्डर तुम्ही जन्मात उघडत नाही, कारण ते आहे हेच तुम्हाला माहीत नसतं. वकिलाच्या संगणकाबद्दल असा दावा होऊ शकतो, तर ज्या पोराने आपला फोन अख्ख्या गावाला दिलाय त्याच्या फोनमध्ये उद्या काही सापडलं, तर ते कोणाचं आणि कसं सिद्ध करणार?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. जंगलाकडून येणारी भीती ओसरली, हे आमच्यासारख्यांना कुणी सांगायला नको. भीती ओसरली तर पाळतही सैल व्हायला हवी. पण त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बोललेलं, लिहिलेलं, खुणेने दाखवलेलंसुद्धा 'बेकायदेशीर कृत्य' ठरू शकतं. विधानसभेत विरोधाचा आवाज ऐकू आला तो माकपचे विनोद निकोले यांचा.

आणि आपल्या बाजूने काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी आले. कायद्याचा रोख बऱ्याच अंशी कंपन्यांवर आहे. अनुदान, दाखला, लाभ देण्यासाठी सरकारला वेगळी संमती घ्यावी लागत नाही, आणि सुरक्षेच्या नावाखाली सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून पूर्ण सूटही देऊ शकतं. उलट याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदलून 'वैयक्तिक माहिती'चं कुलूप आणखी घट्ट केलं. म्हणजे माझ्या बाकड्यावरच्या बाईचा चेहरा सरकारकडे जाणार, पण तिच्या गावच्या कामाचे पैसे कोणाच्या नावावर निघाले हे तिने विचारलं तर 'वैयक्तिक' म्हणून नाही म्हणायला साहेबाला सोपं झालं.

कायद्यात एक बरी गोष्ट आहे. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणारी संमतीची सूचना माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत मागता येते. मराठी त्यात आहे. गोंडी नाही, माडियाही नाही. म्हणून पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांच्या ग्रामसभांनी एक ठराव करावा: गावात येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपने, खात्याने, कंपनीने आणि ठाण्याने आपण काय घेतो, कोणाला देतो आणि कधी पुसतो, हे ग्रामसभेत गोंडीत किंवा माडियात वाचून दाखवावं, आणि तोपर्यंत त्या गावात अंगठा, फोटो, ओटीपी काही मागू नये. कुठल्या ग्रामसभेला लागला तर ठरावाचा मसुदा मी फुकट टाइप करून देईन.