अपुऱ्या गाण्यांचं काय करायचं?

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी नवसारी, बिलिमोरा मागे टाकत वलसाडला पोचते. लिंबायत-उधन्यातल्या कितीतरी मराठी घरांना हे स्टेशन नुसतं खिडकीतून माहीत असतं. आज वलसाड स्वतंत्र जिल्हा आहे; १९६४ पर्यंत तो सुरत जिल्ह्यातच होता. गावाचं जुनं नाव बुलसार. या बुलसारचे बोमी बुलसारा नोकरीसाठी समुद्र ओलांडून झांजिबारला गेले आणि तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल झाले. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव फारोख. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

फारोखला आठव्या वर्षी थेट पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवलं गेलं. तिथं तो पियानो शिकला आणि १९५८च्या सुमारास चार मित्रांसोबत त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्या मित्रांपैकी फारंग इराणी यांनी पुढे पुण्यात ‘बाउंटी सिझलर्स’ चालवलं, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, डेरिक ब्रांच ब्रिटिश पडद्यावर दिसले. चौथे ब्रूस मरे. या बँडचं एकही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेलं नाही. साताऱ्याच्या डोंगरावर शाळेच्या कार्यक्रमांत जे वाजलं, ते ऐकणाऱ्यांबरोबरच राहिलं.

नंतरच्या फ्रेडीचं मात्र उलट झालं. त्याच्या ‘क्वीन’ या बँडच्या नावावर त्याच्या हयातीत चौदा स्टुडिओ अल्बम आले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी तो एड्सनं गेला, आणि त्यानंतर तीस वर्षं उलटली तरी त्याच्या आवाजातली ‘नवी’ गाणी बाहेर येतच राहिली. ती येतात कुठून, त्यांना हात लावायचा अधिकार कुणाला, आणि लावलाच तर किती, हा प्रश्न मला रॉक संगीतातल्या इतर कुठल्याही वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आधी हे उरतं कसं ते पाहू. सत्तरच्या दशकातलं मोठं स्टुडिओकाम दोन इंच रुंदीच्या चोवीस ट्रॅकच्या टेपवर चाले. सेकंदाला तीस इंच या वेगानं एक रीळ साधारण सोळा मिनिटांत संपतं. चोवीस ट्रॅकपैकी काहींवर ड्रम, एकावर बेस, पुढच्यांवर गिटार, पियानो आणि आवाजाचे थर. गायक सुरुवातीला वादकांना दिशा कळावी म्हणून एक कच्चा आवाज भरतो, त्याला गाइड व्होकल म्हणतात. पुढे पक्का आवाज झाला की कच्चा पुसला जातो. पण गाणंच अर्धवट सुटलं तर रिळावर तो कच्चा आवाज तसाच राहतो. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत, आणि लाँगप्लेच्या एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं बसत. उरलेलं डब्यात जाणं ठरलेलंच.

क्वीनचा पहिला अल्बमही काही काळ अप्रकाशितच होता. १९७१च्या अखेरीस लंडनच्या वेम्बली भागात डी लेन ली स्टुडिओ नव्या जागेत उभा राहत होता. भिंतींतून आवाज किती झिरपतो हे तपासायला त्यांना मोठ्यानं वाजवणारा एक बँड हवा होता. क्वीननं ते काम पत्करलं आणि बदल्यात पाच गाणी फुकटात ध्वनिमुद्रित करून घेतली. ती पाचही २०११ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, अधिकृतपणे प्रकाशित झाली. त्यांतल्या एका गाण्याचं, ‘द नाइट कम्स डाउन’चं, तेच जुनं ध्वनिमुद्रण पहिल्या अल्बममध्येही घेतलं होतं, कारण नव्यानं केलेलं त्याच्या तोडीचं उतरलं नाही.

पुढचं काम सोहोतल्या ट्रायडंट स्टुडिओत झालं. मोठे गायक निघून गेले की उरलेल्या वेळात, बहुतेक रात्री, क्वीनला आत सोडत. निर्माते होते जॉन अँथनी आणि रॉय थॉमस बेकर. रॉकमधला निर्माता म्हणजे पैसे घालणारा शेठ नव्हे. कोणता टेक ठेवायचा, ड्रम कोरडे ठेवायचे की घुमते, कुठलं गाणं गाळायचं, हे तो ठरवतो. ‘मॅड द स्वाइन’ हे फ्रेडीचं गाणं ड्रमच्या आवाजावरून मतभेद झाल्यामुळे अल्बममधून गेलं. नोव्हेंबर १९७२ मध्ये पूर्ण झालेला अल्बम जुलै १९७३ मध्ये दुकानात आला. गाळलेलं गाणं १९९१ मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला दिसलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘क्वीन वन’ या नव्या मिश्रणात ते आपल्या मूळच्या चौथ्या जागी परत आलं. त्या वेळी ड्रमचा आवाजही नव्यानं घडवला, कारण ट्रायडंटचा तो कोरडा आवाज बँडला पन्नास वर्षं खुपत होता. बेकर एप्रिल २०२५ मध्ये वारले. १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे आवाजांवर आवाज चढवणारे निर्माते तेच. मला स्वतःला पहिल्या अल्बमचा जुना, घट्ट आवाज अधिक भावतो. चार पोरं रात्री उशिरा उसन्या वेळात वाजवताहेत हे त्यात ऐकू येतं.

बँड नावारूपाला आल्यावर स्टुडिओच त्यांच्या मालकीचा झाला. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोतला माउंटन स्टुडिओ क्वीननं १९७९ मध्ये विकत घेतला. १९७१ मध्ये जळालेल्या आणि ‘डीप पर्पल’च्या गाण्यानं अजरामर झालेल्या कॅसिनोच्या जागी ही नवी इमारत उभी राहिली होती. तिथला ध्वनितंत्रज्ञ डेव्हिड रिचर्ड्स पुढे त्यांचा सहनिर्माता झाला. १९८१ मध्ये गायक डेव्हिड बोवी तिथं आला आणि त्यातून ‘अंडर प्रेशर’ जन्मलं. त्याच काळात बोवीनं ‘कूल कॅट’ या दुसऱ्या गाण्यात मागचा आवाज दिला होता. तो त्याला पसंत पडला नाही, त्यानं काढायला सांगितला आणि बँडनं काढला. हयात कलाकार ‘हे नको’ म्हणू शकतो, आणि प्रश्न तिथेच मिटतो.

१९८७ मध्ये फ्रेडीला आजाराचं निदान झालं. १९८८ मध्ये ‘द मिरॅकल’च्या कामाला सुरुवात झाली तेव्हा सुमारे तीस गाणी हाताळली गेली, १९८९च्या लाँगप्लेवर दहा आली. पुढे ‘इन्युएन्डो’ झाला. त्यानंतरही, १९९१च्या वसंतात, फ्रेडी माँत्रोत जात राहिला. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की फ्रेडीनं स्वच्छ शब्दांत बजावलं होतं: मला काहीही लिहून द्या, मी गातो, मी गेल्यावर तुम्ही पूर्ण करा. मे कागदावर दोन-चार ओळी लिहीत, फ्रेडी यंत्राच्या तालावर त्या गाई, की पुढच्या ओळी. ‘मदर लव्ह’चं शेवटचं कडवं बाकी होतं तेव्हा थोडं बरं वाटलं की येतो, असं म्हणून तो गेला. तो मे महिना होता. ते कडवं राहिलं.

नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ आला तेव्हा उरलेल्या तिघांनी त्या कडव्याचं काय केलं, हे मी या सगळ्या विषयाचं केंद्र मानतो. ते कडवं ब्रायन मे यांनी स्वतःच्या आवाजात गायलं. नक्कल नाही, जुन्या टेपमधले तुकडे जोडून केलेली बनवाबनवी नाही. आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथं माणूस गेला. याहून प्रामाणिक निर्मितीचा निर्णय मला माहीत नाही.

त्याच अल्बममधली सगळी गाणी मात्र या तोलाची नाहीत. दोन गाणी फ्रेडीच्या १९८५च्या एकट्याच्या अल्बममधली आहेत. त्यांचा जुना साज उतरवून क्वीनची गिटार आणि ड्रम चढवले. फ्रेडीनं ती क्वीनबाहेर, स्वतःच्या नावावर केली होती. ऐकायला ती भरदार आहेत, पण ‘मी गेल्यावर तुम्ही पूर्ण करा’ हा करार या गाण्यांसाठी झाला होता असं मला वाटत नाही. मरणाआधी मुद्दाम ठेवून दिलेलं आणि पूर्वी वेगळ्या हेतूनं केलेलं, या दोन गोष्टी एका पेटीत घातल्या की पहिल्याचं मोल कमी होतं.

पुढे ओघ चालूच राहिला. २०१४ मध्ये मायकल जॅक्सनसोबत १९८३ मध्ये सुरू होऊन अर्धवट सुटलेलं गाणं निर्माते विल्यम ऑर्बिट यांनी पुरं केलं. जून २०१९ मध्ये निर्माते डेव्ह क्लार्क यांनी १९८६च्या ‘टाइम’ या गाण्यावरचा वाद्यांचा आणि कोरसचा सारा डोलारा काढून टाकला आणि फ्रेडीचा आवाज नुसत्या पियानोसोबत ठेवला. एरवी जुन्या टेपवर काहीतरी चढवलं जातं, इथं उतरवलं गेलं. गळ्याची ताकद त्यात जशी उघडी पडते तशी मूळ गाण्यात पडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘फेस इट अलोन’ आलं. हे १९८८च्या त्या तीस गाण्यांतलं, बँड जवळजवळ विसरलेलं. सुट्या तुकड्यांची जुळवाजुळव करून तंत्रज्ञांनी ते उभं केलं. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये ‘द मिरॅकल’चा मोठा संच आला, त्यात इतर कच्चे टेक आणि स्टुडिओतल्या गप्पाही होत्या. मला त्या गप्पा गाण्याहून मोलाच्या वाटल्या, कारण त्यात काम करणारी माणसं भेटतात.

वर्षभरानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘बीटल्स’चं ‘नाउ अँड देन’ आलं. जॉन लेननची सत्तरच्या दशकातली घरगुती कॅसेट, त्यावर पियानो आणि आवाज एकमेकांत मिसळलेले, वर विजेची गुणगुण. १९९५ मध्ये निर्माते जेफ लिन आणि उरलेल्या तिघांनी तिचा नाद सोडला होता. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या संगणकानं आवाज पियानोपासून वेगळा काढला आणि रस्ता मोकळा झाला. आवाज लेननचाच होता, यंत्रानं तो बनवला नव्हता. ही रेघ मला पक्की ओढावीशी वाटते. टेपवर असलेलं स्वच्छ करणं हे जीर्णोद्धाराचं काम आहे. टेपवर नसलेलं त्या गळ्यातून वदवणं हे मेलेल्या माणसाच्या सहीचा कागद तयार करण्यासारखं आहे. तंत्र आज दोन्ही करू शकतं, म्हणून प्रत्येक प्रकाशनासोबत कुठला भाग कोणत्या सालचा आणि नंतर कुणी काय घातलं हे छापलं गेलंच पाहिजे. सन २०००चा फ्रेडीचा एकल संच याबाबतीत मला आदर्श वाटतो: दहा सीडी, दोन डीव्हीडी, आणि कच्चं ते कच्चं म्हणूनच दिलेलं.

आपल्याकडे हा वाद घालायची वेळच फारशी आली नाही, कारण टेपच थोड्या उरल्या. सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक बँडची मोठी लाट होती. एका सिगारेट कंपनीच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या निघाल्या, त्यामुळे ते आवाज वाचले. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे याच लाटेतला. दिग्दर्शक अॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेमध्ये त्यानं ज्यूडास गायला. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडच्या जुन्या टेप २०११ मध्ये ‘नाउ-अगेन’ या अमेरिकन कंपनीनं हुडकून प्रसिद्ध केल्या. परदेशी संग्राहकांनी शोध घेतला नसता तर त्या आपल्याला मिळाल्या नसत्या, आणि याचं मला वाईट वाटतं.

मुंबई-सुरतेच्या दमट हवेत टेपचा शत्रू वेगळा असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक टेपांवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं बंधक हवेतली ओल शोषतं आणि चिकट होतं. असं रीळ यंत्रावर लावलं की भुकटी खरवडून निघते आणि तिच्यासोबत आवाज कायमचा जातो. जाणकार आधी ते सुमारे पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसला, नियंत्रित भट्टीत, कित्येक तास सुकवतात. त्यानंतर काही आठवडेच ते वाजवण्याजोगं राहतं आणि तेवढ्यात त्याची डिजिटल प्रत करावी लागते. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये, आणि सगळ्या जातीच्या टेपांना तो चालतही नाही. मोठ्या कंपन्यांच्या कोठाराचाही भरवसा धरता येत नाही: १ जून २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफिती जळाल्या, आणि त्या नुकसानीचा अंदाज लोकांपुढे २०१९ मध्ये आला.

तेव्हा माळ्यावर एखाद्या काका-मामाच्या बँडचं रीळ सापडलं तर ते हौसेनं लावून पाहू नये. उभं, कोरड्या जागी, चुंबक आणि स्पीकरपासून दूर ठेवावं. डब्यातल्या ट्रॅक शीटचा आधी फोटो काढावा, कारण कोणत्या ट्रॅकवर कुणाचा आवाज आहे आणि कुठला टेक ठेवायचा ठरला होता, हे त्या पेन्सिलीच्या नोंदींशिवाय दुसरीकडे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं.