अधांतरी थांबताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हेलिकॉप्टरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेले वर्षभर माझे बहुतेक रविवार मामांच्या जुन्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या मागे गेले आहेत. तेव्हा तर्कशास्त्राच्या तासाला मी पेंगलेला दिसलो त्याचा हा लेखी खुलासा समजावा.

हे खेळणे नव्हे, एवढे प्रथमच सांगतो. वजन सुमारे ३ किलो, पोटात मिथेनॉलच्या मिश्रणावर चालणारे लहानसे इंजिन, वरच्या पात्यांचा घेर १.२ मीटर. पाती मिनिटाला सोळाशे फेरे घेतात. भौतिकशास्त्राच्या मित्राला गाठून मी गणित करवून घेतले, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३६० किलोमीटर निघाला. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण अशाच आपल्या मॉडेलचे पाते लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता. मामांनी पहिल्या दिवशी मला यंत्राला हात लावू दिला नाही. फक्त ही हकिकत सांगितली.

मामांची नजर आता अधू झाली आहे. उडवणे त्यांच्याने होत नाही, पण कान शाबूत आहेत. घरघर ऐकून ते दुखणे सांगतात.

तोल म्हटला की आपल्याला उडताना सांभाळायचा तोल आठवतो. परंतु त्याआधी एक तोल घरी, टेबलावर साधावा लागतो, आणि तो चुकला तर मैदानावरची सारी विद्या फुकट. दोन्ही पाती वजनाने सारखी हवीत, शिवाय प्रत्येकाचा गुरुत्वमध्य मुळापासून सारख्याच अंतरावर हवा. म्हणून पाते पट्टीच्या धारेवर आडवे ठेवून तोलाची जागा शोधायची व खूण करायची. खुणा जुळत नसतील तर एका पात्याच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्या जुळवायच्या. नंतर हलक्या पात्याच्या खुणेवरच पट्टी गुंडाळून वजन भरून काढायचे. स्वयंपाकघरातला काटा याला पुरत नाही. आमच्या गल्लीतल्या सोनाराने आपला काटा दिला आणि वर विचारले, "मजुरी काय लावू?"

हा काटेकोरपणा कशासाठी, ते मी चूक करून शिकलो. पावसाळ्याच्या तोंडाशी एक पाते दगडाला लागून चिरले. नवी जोडी घेण्याऐवजी मी पैसे वाचवायला एकच पाते बदलले व न तोलता बसवले. मैदानावर फेरे वाढू लागले तसे यंत्र जागच्या जागी थडथडू लागले, शेपटी दिसेनाशी झाली, पाय जमिनीवर नाचू लागले. माझा धाकटा मामेभाऊ चार पावलांवर उभा होता. मी गोंधळून आणखी फेरे देणार, तोच मागून मामा ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!"

घरी येऊन सोनाराकडे वजन केले, तर फरक अवघा ३ ग्रॅमचा. परंतु फिरत्या वस्तूचे वजन वेगळ्या हिशोबाने मोजावे लागते. १०० ग्रॅमचे पाते त्या वेगाला स्वतःला सुमारे १०० किलोच्या जोराने बाहेर ओढत असते. समोरचे पाते तेवढ्याच जोराने उलट ओढते, म्हणून मधला दांडा सुखी. ३ ग्रॅमचा फरक म्हणजे ३ किलोचा हिसका, आणि तोही सेकंदाला २६-२७ वेळा! एखादा स्क्रू निसटला असता तर काय झाले असते, याचा विचार त्या रात्री मी पुष्कळ केला. मामा त्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. नवी जोडी मात्र त्यांनीच आणून दिली.

वजन जुळल्यावर आणखी एक परीक्षा उरते. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत. एका टोकाला लाल पट्टी लावायची, यंत्र डोळ्यांच्या उंचीवर धरायचे आणि दुरून, बाजूने पाहायचे. एकच रेघ दिसली तर ठीक. लाल रेघ वर किंवा खाली वेगळी दिसली तर त्या पात्याची कडी फिरवून कोन सुधारायचा. शेवटी वरचा आडवा दांडा दोन्ही बाजूंनी बोटांवर धरून सगळे यंत्र उचलायचे. ते सपाट राहावे, नाक किंचित झुकले तरी चालते. शेपूट लोंबत असेल तर बॅटरी पुढे सरकवायची.

हा आडवा दांडा म्हणजे फ्लायबार. आजच्या मॉडेलांत त्याची जागा इलेक्ट्रॉनिक गायरोंनी घेतली आहे, पण मामांच्या जुन्या यंत्रात तो आहे आणि मला तो आवडतो. त्याच्या पूर्वजाची गोष्ट आपल्या शाखेला शोभणारी आहे. अमेरिकेतला आर्थर यंग हा प्रिन्स्टनला गणित शिकला, आणि १९२८ पासून सुमारे बारा वर्षे लहान लहान मॉडेले बनवत व मोडत राहिला. पात्यांना काटकोनात वजनदार दांडा जोडला तर तो भोवऱ्यासारखा आपली पातळी सोडत नाही व पात्यांना सावरून धरतो, हे त्याने मॉडेलवर सिद्ध केले. १९४१ मध्ये ते मॉडेल त्याने बेल कंपनीला दाखवले. त्यातून निघालेल्या बेल ४७ ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. हेलिकॉप्टरला मिळालेला तो पहिलाच. या जातीचे एक हेलिकॉप्टर १९८४ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. आणि यंग? तो पुढे हेलिकॉप्टर सोडून तत्त्वज्ञानाकडे वळला. आमच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पाहा, शेवटी सगळे इकडेच येतात."

आता प्रत्यक्ष उडवणे. माझी पहिली शंका अशी होती, की वजन खाली आणि पाती वर, मग यंत्र ओळंब्यासारखे आपोआप सरळ का होत नाही? उत्तर असे, की ओळंब्याची दोरी भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली असते. इथे खिळाच उडतो आहे. यंत्र कलले की वर उचलणारा जोरही त्याच्याबरोबर कलतो, आणि यंत्राला सरळ करणारे कोणी उरत नाही. शिवाय शेपटीचा पंखा यंत्राला गरगर फिरू देत नाही, पण त्या नादात सगळ्याला डावीकडे ढकलतो. म्हणून स्थिर थांबलेले आमचे यंत्र नेहमी किंचित उजवीकडे कललेले असते. स्थिर म्हणजे सरळ नव्हे, हे मला फार उशिरा पटले.

नवशिक्याची खरी फसगत पुढेच आहे. यंत्र डावीकडे सरकू लागले, मी काडी उजवीकडे नेली, यंत्र सपाट झाले, मी काडी मध्ये आणली आणि सुटलो असे मानले. पण सपाट झालेले यंत्र थांबत नाही, आधीच्या वेगाने सरकतच राहते. थांबवायला ते उलट्या बाजूला थोडे कलवावे लागते, आणि थांबायच्या क्षणाआधीच तो कल काढून घ्यावा लागतो. म्हणजे एका चुकीला तीन हालचाली: द्या, थांबा, परत घ्या. प्रत्येक हालचाल ज्वारीच्या दाण्याएवढी. सरकलेले दिसल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. पाहायचे ते यंत्राच्या कलाकडे, जागेकडे नव्हे.

सुरुवातीला पायाखाली लांब काड्यांची फुली बांधतात, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू लावतात. त्यामुळे यंत्र वाकडे टेकले तरी कोलमडत नाही. शेपूट आपल्याकडे ठेवून, निदान पाच-सहा मीटर मागे उभे राहावे. भित्रा शिकाऊ जमिनीपासून वीतभर उंच राहतो आणि तिथेच फसतो, कारण पात्यांचा वारा जमिनीवर आपटून परत येतो व यंत्र तव्यावरच्या थेंबासारखे थयथयते. छातीच्या उंचीवर नेले की ते शांत होते. मला हे धाडस करायला दोन महिने लागले. त्याआधी मित्राच्या संगणकावर आभासी हेलिकॉप्टरे मी किती फोडली याचा हिशोब नाही. तो खर्च मात्र शून्य.

शेपूट आपल्याकडे असेपर्यंत डावे ते डावे. नाक आपल्याकडे वळले की सगळे उलटे होते, आणि हात जुन्या सवयीने दगा देतो. यावर मामांनी एक युक्ती दिली. यंत्राची जी बाजू आपल्याला खाली गेलेली दिसते, काडी त्याच बाजूला न्यायची, जणू पडत्या मांडवाला टेकू देतो आहोत. विचार केला तर ही गोष्ट बरोबर आहे. पण विचार करायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात यंत्र दहा फूट सरकलेले असते. म्हणून दर रविवारी तेच.

सध्या शेपूट आपल्याकडे ठेवून मी एक पूर्ण टाकी संपेपर्यंत यंत्र जागेवर धरू शकतो. नाक समोर असताना अर्ध्या मिनिटाच्या वर निभावत नाही. मामा खुर्चीत डोळे मिटून बसलेले असतात, आणि मी घाबरलो की इंजिनाच्या आवाजावरून त्यांना माझ्याआधी कळते.